साडेनऊ तासांची कांडी

यमुनाच्या ऑक्सिजनच्या मशीनमध्ये रोज सकाळी सात वाजता मी नवी कांडी घालायचो. पांढरी, दीड वीत लांब, तांब्याएवढी जाड. घालताना ती खडूसारखी हलकी आणि ठिसूळ असायची. दुसऱ्या दिवशी काढताना दगड झालेली असायची, आणि हाताला जड लागायची. पहिल्या दिवशी मी ती नखाने खरवडून पाहिली, मग थापीच्या मुठीने ठोकली. टणटण वाजली.

"अहो, ती परत द्यायचीय," यमुना मास्कच्या आतून म्हणाली. "प्लास्टर नाही ते, ठोकून बघायला."

मी बाळाराम घरत, गवंडी आहे. पेण आणि आसपासच्या गावांत चाळीस वर्षं बांधकामं केली. सिमेंट पाण्याने धरतं आणि चुना हवेने धरतो, पण चुन्याला महिने लागतात. एका माणसाच्या श्वासावर एका दिवसात दगड होणारी वस्तू मी कधी पाहिली नव्हती. तालुक्याच्या ऑक्सिजन केंद्रात कांड्या बदलायला जायचो तेव्हा तिथल्या रुबीना फकीह मॅडमना मी विचारत राहायचो. त्यांना माझ्या प्रश्नांचा कंटाळा नव्हता. बाकीचे लोक कांडी देऊन कांडी घेऊन जायचे.

त्यांनी सांगितलं ते असं. खाडीकाठच्या मिठागरात मीठ धरलं की खाली थोडं पाणी उरतं, ते कडूजहर असतं. पूर्वी ते सोडून देत. त्यात मॅग्नेशियम असतं. त्या पाण्यात चुन्याची निवळी घातली की पांढरा गाळ बसतो, तो मॅग्नेशियम हायड्रॉक्साईड.

"पोट साफ व्हायला दुधासारखं पांढरं औषध मिळतं ना काका? तेच हे."

"म्हणजे मी जुलाबाच्या औषधाला थापीने ठोकलं?"

"हो. तेच नुसतं भाजलं तर पोलादाच्या भट्टीला आतून लावायच्या विटा होतात. ऑफिसात पार्टिशनला पांढऱ्या शीट लावतात, त्याही याच्याच."

त्या शीट मी स्वतः हजारो लावल्या होत्या. मी म्हटलं, "आणि माणसाला?"

"माणसाला तर लागतंच. बाळंतपणात बाईला झटके यायला लागले की इंजेक्शन देतात, ते याचंच एक मीठ."

आमच्या मुलीच्या, प्रणालीच्या वेळी यमुनाला अलिबागच्या दवाखान्यात रात्रभर तेच इंजेक्शन दिलं होतं. घरी येऊन मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ओळख जुनी आहे." मग दम लागला म्हणून गप्प बसली.

यमुना माझ्याच साइटवर बिगारी होती. लग्नाआधीपासून. वीस वर्षं तिने डोक्यावरून घमेली वाहिली, पुढची दहा वर्षं फरशी कापायच्या मशीनवर बसली. दगडाची धूळ फुप्फुसात बसत गेली आणि फुप्फुसं कडक झाली. तोंडाला फडकं बांध, असं मी तिला सांगायचो. मी स्वतः मात्र बांधत नव्हतो. धुळीने तिला धरलं आणि मला सोडलं, असं का ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

ऑक्सिजनची जुनी मशीनं मोठी असायची आणि वीज गेली की बंद पडायची. माणूस आत घेतलेल्या ऑक्सिजनमधला थोडाच वापरतो, बाकीचा उच्छ्वासाबरोबर फुकट जातो. नवीन मशीन तो फुकट घालवत नाही, फिरवून परत देतं. म्हणून ते लहान, डब्याएवढं, आणि बॅटरीवर दिवसभर चालतं. फक्त उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साईड वाटेत काढून घ्यावा लागतो. ते काम कांडीचं. नुसता पांढरा गाळ हे काम फार सावकाश करतो. आपल्या रक्ताच्या तांबड्या पेशींत एक द्रव्य असतं, ते हाच वायू झटपट विरघळवून देतं. तसलं द्रव्य कारखान्यात बनवून कांडीत मिसळलेलं असतं. श्वास एका टोकाने आत शिरतो. पहिला थर दगड झाला की पुढचा, मग त्याच्या पुढचा. तासाला साधारण पाऊण बोट. वापरलेली कांडी केंद्रातून कारखान्यात जाते, भट्टीत भाजली की वायू सोडते, पाण्यात कालवली की पुन्हा नवी. एकच कांडी किती जणांच्या घरी फिरून आलेली असेल, सांगता येत नाही.

यमुना त्या मशीनवर चौदा महिने होती.

*

मार्चमधली गोष्ट. दुपारी तीनला ती म्हणाली, "ताडगोळे खावेसे वाटतात. नाक्यावरून आणा की."

मी म्हटलं, "संध्याकाळी प्रणालीला आणायला सांगू. शनिवार आहे, ती येणारच."

"आत्ता हवेत. जा हो. बसून बसून खुर्चीला खड्डा पडलाय."

मी गेलो. वीस मिनिटं जायला, वीस यायला. वाटेत धर्मा पाटलाच्या घराचा स्लॅब पडत होता. मिक्सर फिरत होता, बायका घमेली पुढे देत होत्या, व्हायब्रेटरचा आवाज गल्लीभर. कोपऱ्यावरच्या कॉलममध्ये पोरं माल नीट दाबत नव्हती. मी नुसतं एवढंच सांगायला थांबलो. मग धर्माने वर बोलावलं. मग सळ्यांवर मालाचं कव्हर पुरेसं बसतंय का ते पाहिलं. मग जिलेबीची पुडी हातात आली, कारण स्लॅबच्या दिवशी तोंड गोड केल्याशिवाय कोणी सोडत नाही. किती वेळ थांबलो, मला ठाऊक नाही.

घरी आलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. मशीन टीं टीं करत होतं. मास्क निसटला तरी ते तसंच वाजायचं, त्यामुळे शेजारचं कोणी आलं नव्हतं. मास्क निसटलेला नव्हता. यमुना उशीला टेकून होती, मान थोडी कलंडलेली.

डॉक्टर पाच वाजता आले. दाखल्यावर त्यांनी लिहिलं, "सुमारे साडेचार." मी विचारलं, नक्की किती? ते म्हणाले, "घरत, तेवढं बारीक मला सांगता येत नाही."

मशीन दुसऱ्या दिवशी केंद्राची माणसं घेऊन गेली. वाट पाहणारे बरेच असतात. आतली नोंद पुसून ते त्याच आठवड्यात दुसऱ्याच्या घरी लागलं. कांडी मात्र मी दिली नाही. ती मी यमुना गेली त्याच संध्याकाळी काढून मोरीच्या कट्ट्यावर उभी करून ठेवली होती.

*

पाच आठवड्यांनी मी ती घेऊन केंद्रात गेलो. गोणपाटात गुंडाळून, पिशवीत.

फकीह मॅडमनी गोणपाट सोडलं. "हे ओलं का आहे?"

"पाणी मारतो ना मी रोज. सकाळ-संध्याकाळ."

"पाणी कशाला मारलंत, काका?"

"अर्धी कच्ची राहिली होती," मी म्हटलं. "वरचा भाग धरलेलाच नव्हता. नीट धरावी म्हणून."

त्यांनी कांडी टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "तुम्हाला वाचून घ्यायचीय का?"

त्यासाठीच मी गेलो होतो. कांड्या वाचता येतात हे तोवर सगळ्या तालुक्याला कळलं होतं. मशीन दर मिनिटाला कांडीत एका क्षाराचा बारीकसा थेंब सोडतं. डोळ्याला दिसत नाही. कारखान्याला कांडी कशी भरत जाते ते कळावं म्हणून ती सोय होती. दोन थेंबांमधलं अंतर जास्त म्हणजे त्या मिनिटात श्वास जास्त. माणूस झोपला की थेंब जवळजवळ येतात, बोलला की लांब जातात, जिना चढला की आणखी लांब. हे एका तंत्रज्ञाच्या लक्षात आलं आणि मग लोक मागायलाच लागले. एका गावात दोन भावांची त्यावरून डोकी फुटली, वडिलांचा मास्क दुपारभर कोणी काढून ठेवला होता म्हणून. तेव्हापासून नियम झाला. नवऱ्याची किंवा बायकोची सही हवी आणि सगळ्या मुलांची हवी. एक जण नाही म्हणाला तरी कांडी भट्टीत जाते.

"तुम्हाला काय कळून हवंय?" मॅडमनी विचारलं.

"मी स्लॅबपाशी थांबलो नसतो तर घरी पोचेपर्यंत ती होती का. आणि तिला त्रास झाला का. एवढंच."

त्यांनी वही पुढे ओढली. "तीन वाजल्यापुढचा भाग कापावा लागेल. कागदाएवढ्या पातळ चकत्या करायच्या आणि एकेक आम्लात टाकायची. तो भाग परत मिळणार नाही."

"किती जाईल?"

त्यांनी कांडीवर दोन बोटं आडवी ठेवली. "एवढा."

*

प्रणाली अलिबागच्या शाळेत शिकवते. मी फोन केला तेव्हा तिचा तास नुकताच संपला होता.

"नाही," ती म्हणाली. "मी सही करणार नाही."

"का गो?"

"बाबा, तुला काय करायचंय ते कळून? आई परत येणार आहे का?"

"परत कशी येईल? पण मला कळायला हवं."

"आणि वाईट निघालं तर? मग काय करशील तू एकटा त्या घरात?"

"आत्ता तरी काय करतोय? कांडीला पाणी मारतोय."

पलीकडे पोरांचा गोंगाट चालू होता. ती कोणाला तरी "रांगेत, रांगेत!" म्हणून ओरडली. मग मला म्हणाली, "आईने तुला किती वेळा सांगितलं होतं की प्रत्येक गोष्ट ठोकून बघू नये."

मला वाटलं, पोरगी माझी काळजी करते आहे. दोन शनिवार ती आली, भात-कालवण करून ठेवलं, माझे शर्ट धुतले आणि सहीचा विषय निघाला की उठून गेली. तिसऱ्या शनिवारी मी म्हटलं, "तुझी आई वीस वर्षं माझ्या हाताखाली होती. एकदाही तिने भिंत ओळंब्यात आहे की नाही हे मला खोटं सांगितलं नाही. वाकडी असली तर वाकडी म्हणायची, आणि मी पाडायचो. तसंच हे. वाकडं असेल तर वाकडं, मला मान्य आहे."

प्रणाली भांडी घासत होती. हात न पुसताच तिने कागद घेतला. सही पाण्याने थोडी पसरली.

*

वाचायच्या दिवशी आम्ही दोघं केंद्राच्या मागच्या खोलीत बसलो. उन्हं कडक होती, खिडकी उघडी होती. मॅडमनी कांडी यंत्रात आडवी धरली. फरशी कापायच्या मशीनचाच तो लहान भाऊ होता, फक्त पातं केसाएवढं बारीक. चकती सुटायची, मॅडम ती चिमट्याने उचलून आम्लाच्या काचनळीत टाकायच्या, आणि नळीत फेस यायचा. सोड्याच्या बाटलीसारखा फसफसून, क्षणभर. मग पाणी नितळ.

"हा फेस कसला?" प्रणालीने विचारलं.

"दगडात अडकलेला वायू सुटतो," मॅडम म्हणाल्या. "आईंनी सोडलेला."

प्रणालीने खुर्ची थोडी जवळ ओढली. मीही. एकेक नळी आम्ही पाहत होतो. मला वाटलं होतं की वाईट वाटेल. पण खरं सांगायचं तर मी मोजत होतो. किती मिनिटांची चकती, किती फेस. यमुना असती तर तिनेही मोजलं असतं.

दीड तासाने पडद्यावर आडवी रेघ आली आणि तिच्यावर उभ्या बारीक खुणा.

"हे तीन वाजता," मॅडमनी बोट ठेवलं. "शांत बसल्या आहेत. काका बाहेर पडले ते इथे. आता हे बघा, तीन वाजून बारा मिनिटांपासून खुणा लांब लांब आहेत. सव्वीसपर्यंत. मधे थांबून पुन्हा लांब. हे बोलण्यासारखं दिसतं."

"घरात कोणी नव्हतं," मी म्हटलं. "कोणाशी बोलेल?"

प्रणालीने माझ्याकडे पाहिलं नाही. "पुढे सांगा," ती म्हणाली. "बोलल्यावर काय झालं? दम लागला का?"

मॅडमनी चष्मा वर केला. "नाही. चार-पाच मिनिटांत खुणा पुन्हा जवळ आल्या. रोज आईंना बोलल्यावर सावरायला किती वेळ लागायचा?"

"अर्धा तास," मी म्हटलं.

"मग त्या दिवशी लवकर सावरल्या. त्यानंतर झोप लागलेली दिसते. खुणा आणखी जवळ. इथे साडेतीन, इथे पावणेचार. कुठे उसळी नाही. माणूस धडपडला तर खुणा अस्ताव्यस्त होतात, मी पाहिल्या आहेत. इथे तसं काही नाही. नुसत्या जवळ जवळ येत जातात, आणि मग ही जाड रेघ."

"जाड रेघ म्हणजे?"

"श्वास थांबला की कांडी पुढे धरत नाही. थेंब मात्र पडत राहतात, एकाच जागी, एकावर एक. त्याची ही रेघ." त्यांनी रेघेवर बोट ठेवलं. "किती थेंब आहेत ते मोजलं की किती मिनिटं ते कळायला हवं होतं. पण नवे थर पहिले एक-दोन दिवस स्पंजासारखे असतात. तुम्ही वरून पाणी मारलंत, काका. क्षार खाली उतरला, काही गोणपाटात गेला. रेघ दिसते. तिच्यात दहा थेंब होते की चाळीस, ते आता कोणालाच सांगता येणार नाही."

मी माझ्या हातांकडे पाहिलं. चाळीस वर्षं ज्याच्यावर पाणी मारलं ते पक्कंच झालं होतं.

"आणि काका, अजून एक आहे." त्यांचा आवाज खाली आला. "खुणा इथे संपत नाहीत. रेघेच्या पलीकडे बारा खुणा आहेत. चांगल्या लांब. हा आजारी माणसाचा श्वास नाही. मास्क नंतर कोणी लावला होता?"

प्रणाली आता माझ्याकडे पाहत होती.

मी सांगितलं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. मशीन टीं टीं करत होतं. माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं की मशीन बिघडलंय. गवंड्याला माणूस पडलेला दिसला तर तो आधी परांची तुटली का ते बघतो. मी मास्क तिच्या तोंडावरून काढला आणि हवा येते का बघायला माझ्या तोंडाला लावला. हवा येत होती. मशीन वाजायचं थांबलं. मशीन चांगलं आहे हे कळलं, म्हणजे दुसरी गोष्ट कळली. मग मी तो मास्क काढला नाही. तिच्याशेजारी बसून राहिलो. मास्कला तिच्या खोबरेल तेलाचा वास होता.

"बारा मिनिटं?" प्रणाली म्हणाली.

"मला वाटलं दोनच मिनिटं झाली असतील."

मॅडमनी पडदा आमच्याकडे वळवला. "रेघेच्या या बाजूला त्या. या बाजूला तुम्ही. मधे जागाच नाही. कांडी श्वासानेच धरते ना. मधली वेळ तिच्यात धरतच नाही."

मग प्रणालीने ओढणीने नाक पुसलं आणि भराभर बोलायला लागली, शाळेत बोलते तशी.

"माझ्याशी बोलत होती. तीन वाजून बारा मिनिटांनी तिचाच फोन आला. मी म्हटलं, आई, दम लागेल, ठेव. ती ठेवीचना. शेवटी मीच कापला. मला वाटलं, एवढं बोलली म्हणूनच... म्हणून मी सही करत नव्हते, बाबा. तिचा फोनही मीच घेऊन गेले, तू त्यात बघू नयेस म्हणून."

"चौदा मिनिटं काय बोलत होती?"

"तुझंच. म्हणाली, त्यांना ताडगोळ्यांना पाठवलंय. मी म्हटलं, तुला कधीपासून ताडगोळे आवडायला लागले? तर हसायला लागली. म्हणाली, मला कशाला हवेत? धर्मा पाटलाचा स्लॅब पडतोय, सकाळपासून मिक्सरचा आवाज येतोय, आणि हे माझ्यासमोर खुर्चीत बसून कान टवकारतायत. तसं जा म्हटलं असतं तर गेले नसते. आता तिथे थांबतील तासभर. थांबू दे. चौदा महिन्यांत एक स्लॅब पाहिला नाही माणसाने."

मॅडम उठून नळ्या विसळायला गेल्या.

"आणि म्हणाली," प्रणालीने पुढे सांगितलं, "घरी आले की त्यांना विचार, कोपऱ्यातला कॉलम नीट भरला का. तिथेच पोरं चुकतात."

*

उरलेली कांडी मॅडमनी कापडात गुंडाळून दिली. मी ती परत त्यांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "भट्टीत जाऊ दे. कोणाला तरी लागेल." त्यांनी वहीत टिपून घेतलं आणि मला सही करायला सांगितलं.

येताना मी प्रणालीला म्हटलं, "नाक्यावरून जाऊ." इतके दिवस मी तो रस्ता टाळून मागच्या बाजूने जात होतो.

धर्मा पाटलाच्या घराचं सेंटरिंग, स्लॅबखालचे टेकू नि पाट्या, काढलेलं होतं. खांबांच्या मधे खेळती जागा, वर उघडा स्लॅब, एका बाजूला विटांचा ढीग. धर्मा आतच होता. मला पाहून पुढे आला, म्हणाला, "ये, बाळारामदादा."

मी आत गेलो. खालून सगळा स्लॅब पाहिला. पाट्यांच्या सांध्याच्या रेघा सरळ होत्या, सळी कुठे उघडी नव्हती. मग कोपऱ्यावरच्या कॉलमपाशी गेलो. माल नीट दाबला नाही तर तिथे मधाच्या पोळ्यासारखी भोकं राहतात. मी हात फिरवला. मग बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं, खाली, मधे आणि हात पोचेल तिथवर वर.

"बाबा," प्रणाली मागून म्हणाली, "नीट भरलाय का?"

"भरलाय," मी म्हटलं.